आम्ही प्रार्थना करतो तेव्हा?

गप्पा रंगता रंगता विषय धर्मावर आला आणि कुणीतरी मोबाईलवर कुरआनातली एक आयत, म्हणजे वचन, काढून वाचून दाखवली. पाचव्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, ५१वी. यहुदी आणि ख्रिस्ती यांना आपले पाठीराखे करू नका, अशा अर्थाची. वाचून झाल्यावर तो मुद्दा जिंकल्यासारखा मागे रेलला. दुसऱ्या एकाला त्याच सूरेतली ८२वी आयत ठाऊक होती. श्रद्धावंतांना मायेने सर्वांत जवळचे कोण, तर 'आम्ही ख्रिस्ती आहोत' असं म्हणणारे, असं ती सांगते. त्यानेही ती वाचली. मग दोघांची जुंपली. तिथे एक वयस्कर ख्रिस्ती बाई बसल्या होत्या. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. वादात जरा खंड पडला तेव्हा त्यांनी विचारलं, "पण आम्ही प्रार्थना करतो तेव्हा? त्याबद्दल काही म्हटलंय का त्यात?" कुणीच उत्तर दिलं नाही. विषय दुसरीकडे वळला, लोक उठले. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना.

आमच्या देवाबद्दल तुमचा ग्रंथ काय म्हणतो, हे त्यांनी विचारलं नव्हतं. ते सगळ्यांना माहीत असतं. देव एक आहे, त्याला पुत्र नाही, 'तीन' म्हणू नका, ईसा म्हणजे येशू सुळावर गेले नाहीत. वादविवाद सगळे याच चार खांबांभोवती फिरतात, गेली तेराशे-चौदाशे वर्षं फिरत आहेत. बाईंचा प्रश्न त्याच्या अलीकडचा होता. गुडघे टेकून, डोळे मिटून जे माणूस करतं, ते कुरआनाला दिसतं का? दिसत असेल तर कसं दिसतं? मी मुसलमान नाही, ख्रिस्तीही नाही. दोन्हीकडचे ग्रंथ भाषांतरातून वाचणारी एक वाचक आहे, इतकंच. पण या प्रश्नानंतर मी कुरआनाची ती पानं पुन्हा काढली आणि या वेळी सिद्धांत बाजूला ठेवून फक्त माणसं शोधत गेले. कोण रडतं, कोण जागतं, कोण कुजबुजतं.

कुजबुज लगेच सापडली. मरियमच्या नावाची सूरा, एकोणिसावी, तिची सुरुवातच एका म्हाताऱ्या माणसाच्या दबक्या हाकेने होते. जकरिया देवाला गुपचूप साद घालतो: माझी हाडं खिळखिळी झाली, डोकं पिकून पांढरं झालं, पण तुझ्याकडे मागून मी कधी विन्मुख झालो नाही. मग मरियम येते. लूकच्या शुभवर्तमानात जन्माच्या वेळी योसेफ आहे, गव्हाण आहे, रानातले मेंढपाळ आहेत. इथे यातलं कुणी नाही. ती एकटी दूर निघून जाते, कळा तिला खजुराच्या बुंध्याशी ओढून नेतात आणि ती म्हणते, याआधीच मेले असते, कुणाच्या आठवणीतही उरले नसते तर बरं झालं असतं. मग खालून आवाज येतो. दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा दिलाय. बुंधा हलव, ताजे पिकले खजूर पडतील. खा, पी, डोळे निववून घे. ख्रिस्ती परंपरेच्या मोठ्या प्रवाहाने मरियमला प्रसूतीच्या वेदना झाल्याच नाहीत असं मानलं, कारण तिचं पावित्र्य त्यांना तसं जपावंसं वाटलं. कुरआन तिला वेदना देतं आणि तरीही तिच्या पावित्र्याला धक्का लागू देत नाही. मला हे फार जवळचं वाटतं. एवढ्या मोठ्या ग्रंथात नावाने उल्लेख झालेली स्त्री एकच, ती ही. आणि तिचं सगळ्यात जिवंत चित्र आहे ते कळा सोसतानाचं.

खजुराच्या झाडाची गोष्ट ख्रिस्ती लोककथांतही आहे. तिथे ती इजिप्तच्या वाटेवर घडते, बाळ येशूच्या शब्दावर झाड वाकतं. मातीचे पक्षी करून त्यांच्यात प्राण फुंकणारा छोटा ईसाही तसाच. कुरआनात तो आहे, बायबलच्या चार शुभवर्तमानांत नाही, पण येशूच्या बालपणाच्या प्राचीन कथांत आहे. काही जण यावर लगेच उसनवारीचा आरोप करतात. मला त्यात वेगळंच काही ऐकू येतं. कुरआन ज्या ख्रिस्ती श्रद्धेशी बोलतं ती धर्मपरिषदांच्या ठरावांत लिहिलेली श्रद्धा कमी आणि आयांनी मुलांना, मठवाशांनी वाटसरूंना सांगितलेली श्रद्धा जास्त आहे. तोंडातोंडी फिरणारी, अश्रू आणि चमत्कार यांनी भिजलेली. ऐकणाऱ्यांना गोष्टी आधीपासून माहीत आहेत, हे कुरआन गृहीत धरतं. म्हणून ते गोष्ट पहिल्यापासून सांगत नाही, नेमक्या एका क्षणावर बोट ठेवतं आणि पुढे जातं.

आणि मग त्याच सूरेच्या शेवटाशी ८८व्या आयतीपासून स्वर बदलतो. रहमानने, म्हणजे देवाने, पुत्र घेतला असं ते म्हणतात! केवढी भयंकर गोष्ट बोललात. त्याने आकाशं फाटायची वेळ येते, धरणी दुभंगेल, डोंगर कोसळून पडतील. इतका वेळ ज्या सूरेने बाळंतिणीच्या डोळ्यांना गारवा दिला तीच आता कडाडते. मूळ अरबीत या सूरेच्या आयतींची टोकं आधी मऊ, लांबवलेल्या यमकात येतात आणि इथे ती कठीण होतात. अर्थ न कळता नुसतं पठण ऐकलं तरी हा फरक कानाला जाणवतो. मला दर वेळी इथे थांबावं लागतं. आईबद्दल इतकं हळवं आणि मुलाबद्दलच्या श्रद्धेवर इतकं कठोर, हे एकाच दमात कसं? आणि त्यानंतर अवघ्या काही आयतींवर, ९६वीत, श्रद्धा ठेवून सत्कर्म करणाऱ्यांसाठी रहमान प्रेम निर्माण करील, असं वचन आहे.

राग आणि माया एकाच नावाने आलेत. रहमान, परमदयाळू.

हीच सूरा एकदा ख्रिस्ती दरबारात वाचली गेली. मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा सुमारे ६१५ साली मुसलमानांची एक तुकडी समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे अ‍ॅबिसिनियाला गेली. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्यांना परत न्यायला मक्केहून माणसं आली. राजाने या आश्रितांना बोलावून विचारलं, तुमच्या पैगंबराने आणलेलं काही आहे का तुमच्याजवळ? आश्रितांपैकी जाफर इब्न अबी तालिब यांनी या सूरेचा आरंभ म्हणून दाखवला. पैगंबरांचे आद्य चरित्रकार इब्न इसहाक यांच्या वृत्तांतानुसार राजा दाढी भिजेपर्यंत रडला, त्याच्या बिशपांच्या पुढ्यातल्या पोथ्या अश्रूंनी ओल्या झाल्या. राजा म्हणाला, हे आणि ईसांनी जे आणलं ते एकाच कोनाड्यातून आलेलं आहे. दुसऱ्या दिवशी मक्केच्या दूतांनी डाव टाकला: हे लोक ईसांना देवाचा दास म्हणतात, विचारा त्यांना. जाफर यांनी लपवलं नाही. दास, प्रेषित, देवाचा आत्मा, कुमारी मरियमच्या ठायी टाकलेला देवाचा शब्द, असं त्यांनी सांगितलं. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि म्हणाला, तू सांगितलंस त्याहून ईसा या काडीएवढेही जास्त नाहीत. सरदार फुरफुरले. आश्रय कायम राहिला.

पाचव्या सूरेतली ८३वी आयत वाचताना अनेक भाष्यकारांना या प्रसंगातली नजाशीचीच माणसं दिसली. ८२वीत ख्रिस्ती लोक जवळचे का, याचं कारण दिलंय: त्यांच्यात धर्मगुरू आहेत, संन्यस्त मठवासी आहेत आणि ते गर्व करत नाहीत. पुढच्या आयतीत चित्र येतं: प्रेषितावर जे उतरलं ते ऐकताना सत्याची ओळख पटून त्यांचे डोळे अश्रूंनी भरून वाहतात. पण इथे घाईने आनंदून जाण्यात अर्थ नाही. हे रडणारे पुढे म्हणतात, 'प्रभो, आम्ही श्रद्धा ठेवली, आम्हाला साक्षीदारांत लिहून घे.' म्हणजे गौरव झाला तो नवा संदेश मान्य करणाऱ्यांचा, बाकीच्यांचा नव्हे, असं जुन्या भाष्यकारांतले बहुतेक जण सांगतात. हे मी त्या बाईंना कसं सांगितलं असतं? तुमचे अश्रू मोजले जातात, पण ते या पुस्तकावर पडले तरच? एवढंच असतं तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

पण ते एवढंच नाही. अरबस्तानच्या रात्रीत मठांचे दिवे होते. इस्लामच्या आधीचा कवी इम्रुउल कैस आपल्या प्रसिद्ध कवितेत दूरवर लवणारी वीज दाखवताना म्हणतो, ती जणू वळलेल्या वातीवर तेल ओतणाऱ्या मठवाशाचे दिवे. रात्री वाळवंटातून जाणाऱ्याला तो उजेड म्हणजे कुणीतरी जागं असल्याची खूण होती. पाणी मिळेल, वाट कळेल, आणि कुणीतरी आपल्या झोपेच्या वेळी देवाशी बोलतंय हेही कळेल. चोविसाव्या सूरेत कोनाडा, कोनाड्यात दिवा, दिव्यावर काच, काच ताऱ्यासारखी, आणि अग्नीचा स्पर्श होण्याआधीच उजळू पाहणारं जैतुणाचं तेल, अशी ती सुप्रसिद्ध आयत येते. तिच्यामागून लगेच अशा घरांचा उल्लेख येतो जिथे सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेतलं जातं, आणि अशा माणसांचा, ज्यांना व्यापार किंवा खरेदी-विक्री देवाच्या आठवणीपासून हटवू शकत नाही. मुस्लिम परंपरेने ही घरं म्हणजे मशिदी असं मानलं. काही आधुनिक अभ्यासकांना तिथे मठांचा उजेड दिसतो. मला त्यांच्यातला निवाडा करायचा नाही. वाळवंटात तेल जाळून जागणारी माणसं या श्रोत्यांनी पाहिलेली होती, एवढं मला पुरेसं आहे.

सत्तावन्नाव्या सूरेतली २७वी आयत तर थेट त्यांच्यावरच आहे. ईसांच्या अनुयायांच्या अंतःकरणात आम्ही कोवळीक आणि दया ठेवली, असं देव म्हणतो. आणि संन्यास? तो त्यांनी स्वतःच काढला, आम्ही त्यांच्यावर लादला नव्हता, देवाची प्रसन्नता मिळावी म्हणून त्यांनी तो घेतला; पण मग जसा पाळायला हवा तसा पाळला नाही. किती बारीक नजर आहे ही. वाट चुकली असं म्हणताना चालणाऱ्याचा हेतू ओळखलेला आहे. तक्रार अशी की उचललेलं ओझं शेवटपर्यंत नेलं नाहीत. नवव्या सूरेत याहून कडक शब्द आहेत: कितीतरी धर्मपंडित आणि मठवासी लोकांचा पैसा गैरमार्गाने खातात, आणि लोकांनी त्यांनाच प्रभू करून टाकलं. म्हणजे कुरआनाने मठ लांबून पाहून ओवाळला असंही नाही. आत जाऊन दिवाही पाहिला आणि दानपेटीही. ज्या धर्मात मठ आहेत त्या धर्माच्या स्वतःच्या सुधारकांनी पुढच्या शतकांत नेमकं हेच दोन्ही सांगितलं.

आणि मग बाविसाव्या सूरेतली ४०वी आयत. माझ्या मते बाईंच्या प्रश्नाला सर्वांत सरळ भिडणारी. देवाने काही माणसांना दुसऱ्या माणसांकरवी आवरलं नसतं, तर मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी, जिथे देवाचं नाव पुष्कळ घेतलं जातं, जमीनदोस्त झाली असती. जिथे देवाचं नाव पुष्कळ घेतलं जातं. इथे अट नाही. कुणी आधी काय कबूल करावं, हे सांगितलेलं नाही. मठ पहिला, मशीद शेवटी. काही भाष्यकारांनी हेही शब्द आपापल्या काळापुरते आखडते घेतले, जुन्या प्रेषितांच्या काळातली ती स्थळं असं म्हटलं. पण आयत वाचताना चारही इमारती एकाच वाक्यात, एकाच संरक्षणाखाली उभ्या दिसतात.

तरीही एक गोष्ट माझ्या मनाला बोचत राहते, आणि ती लपवून हा लेख लिहिता येणार नाही. ख्रिस्ती वाचकाला या आरशात स्वतःचा चेहरा दिसत नाही. पाचव्या सूरेच्या शेवटी देव ईसांना विचारतो, 'मला आणि माझ्या आईला देव माना, असं तू लोकांना सांगितलंस का?' कोणत्याही मुख्य चर्चने मरियमला देव म्हटलेलं नाही. त्यांच्या त्रैक्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहेत. चौथ्या शतकातला बिशप एपिफानियस मरियमला पोळ्या अर्पण करणाऱ्या अरबस्तानातल्या बायकांबद्दल लिहितो आणि त्यांची कडक निर्भर्त्सना करतो, तेव्हा असं काही कुठेतरी होतं म्हणावं. किंवा भक्तीचा अतिरेक कुठे जाऊ शकतो ते दाखवण्यासाठी हा प्रश्न आहे म्हणावं. दोन्ही अर्थ लावले गेले आहेत. पण क्रूसाचं काय? चौथ्या सूरेतली १५७वी आयत म्हणते, त्यांनी त्याला मारलं नाही, सुळावर चढवलं नाही, तसा भास झाला. ख्रिस्ती माणूस रडतो तो तिथेच, त्या खिळ्यांपाशी. त्याच्या प्रार्थनेचं सगळं पाणी त्या एका दुपारच्या झऱ्यातून येतं. कुरआन त्याच्या डोळ्यांतले अश्रू पाहतं आणि ज्यासाठी ते आले ती घटनाच घडली नाही म्हणतं. देवाने आपल्या प्रिय प्रेषिताला असं अपमानित होऊ दिलं नाही, यात ईसांविषयीचं प्रेमच आहे, हे मला कळतं. पण ज्या दुःखावर एखाद्याने आयुष्य उभं केलं ते दुःख प्रेमाने पुसलं गेलं, तरी पुसलंच जातं.

जेरुसलेमच्या 'डोम ऑफ द रॉक' या घुमटवास्तूच्या आतल्या पट्टीवर हा सगळा गुंता सोनेरी अक्षरांत आहे. हिजरी ७२, म्हणजे ६९१-९२. खलिफा अब्दुल मलिकच्या त्या वास्तूपासून ख्रिस्ताच्या कबरीचं चर्च जवळच आहे. तिथे लिहिलंय: ग्रंथवाल्यांनो, आपल्या धर्मात अतिरेक करू नका, 'तीन' म्हणू नका. आणि त्याच पट्टीवर प्रार्थना आहे, हे देवा, तुझा प्रेषित आणि दास ईसा इब्न मरियम याच्यावर कृपा कर. आणि जन्माच्या, मृत्यूच्या व पुन्हा उठण्याच्या दिवशी त्याला शांती असो. शेजाऱ्याला त्याच्याच देवाविषयी बजावणं आणि त्याच्याच ईसासाठी दुआ मागणं, दोन्ही एका ओळीत.

पैगंबरांच्या काळात हा प्रश्न प्रत्यक्ष समोर आला होता. दक्षिण अरबस्तानातल्या नजरानचे ख्रिस्ती मदिनेला आले. इब्न इसहाक यांच्या वृत्तांतात ते साठ स्वार आहेत, त्यांच्यात त्यांचा बिशपही आहे. ईसा कोण, यावर वाद झाला. तिसऱ्या सूरेच्या आरंभीचा मोठा भाग याच भेटीशी जोडला जातो: देवाच्या दृष्टीने ईसांची उपमा आदमसारखी, मातीतून घडवलं आणि 'अस्तित्वात ये' म्हटलं. पण वादाच्या आधी एक गोष्ट घडली. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि ते पैगंबरांच्या मशिदीतच उभे राहिले, पूर्वेकडे तोंड करून. काही जण त्यांना अडवू पाहत होते. पैगंबर म्हणाले, करू द्या. पुढे वाद मिटला नाही. खोट्या बाजूवर देवाचा शाप पडो, असं दोघांनी मिळून म्हणावं, हे आव्हान आलं तेव्हा नजरानकरांनी ते टाळलं, करार केला आणि आपला धर्म घेऊन परत गेले. बाईंना मी उत्तर देऊ शकले असते तर हेच दिलं असतं: तुम्ही प्रार्थना करता तेव्हा काय, यावर पैगंबरांनी काय केलं ते हे. तुमच्याशी वाद घातला, आणि वादाआधी तुम्हाला जागा दिली.

पाचव्या सूरेच्या त्या प्रश्नाचं ईसांनी दिलेलं उत्तरही थांबून वाचण्यासारखं आहे. तू पवित्र आहेस, जे म्हणण्याचा मला अधिकार नाही ते मी कसं म्हणेन? माझ्या मनातलं तुला ठाऊक, तुझ्या मनातलं मला नाही. मी त्यांच्यात होतो तोवर त्यांच्यावर लक्ष ठेवून होतो. आणि मग ११८वी आयत: तू त्यांना शिक्षा केलीस तर ते तुझेच दास आहेत, आणि क्षमा केलीस तर तूच प्रबळ, तूच प्रज्ञावंत. ज्या लोकांनी त्यांना देव केलं, त्यांच्याच वतीने ईसा बोलत आहेत. पैगंबरांचे सोबती अबू जर यांची हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीची परंपरेने जपलेली आठवण, सांगते, पैगंबर एका रात्री नमाजला उभे राहिले आणि पहाटेपर्यंत ही एकच आयत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दुसऱ्या एका हदीसमध्ये हीच आयत वाचून ते हात उचलून 'माझे लोक, माझे लोक' म्हणत रडले. ख्रिस्ती लोकांसाठी ईसांनी जे शब्द उच्चारले, तेच आपल्या माणसांसाठी मुहम्मदांच्या ओठांवर आले.

भाष्यकारांना ही आयत अवघड गेली, कारण देवाबरोबर दुसऱ्याला भागीदार करणं क्षमा होत नाही, असं चौथी सूरा स्पष्ट सांगते. मग ईसा क्षमेची भाषा का करतात? निर्णय देवाकडे सोपवला, एवढाच अर्थ घ्या, असं पुष्कळांनी म्हटलं. इस्लामी धर्मचिंतक इमाम गझाली, मृत्यू ११११, यांनी यापुढे एक पाऊल टाकलं. त्यांच्या काळातले रूमचे, म्हणजे बायझंटाइन साम्राज्यातले, बहुतेक ख्रिस्ती आणि तुर्क देवाच्या दयेत सामावतील, असं त्यांनी लिहिलं. कारण त्यांच्यापैकी काहींपर्यंत मुहम्मदांचं नावच पोचलेलं नव्हतं, आणि काहींच्या कानावर लहानपणापासून खोटंनाटं वर्णन पडलं होतं. ज्यांनी जवळ राहून सगळं नीट ऐकलं आणि तरीही मानलं नाही, त्या उरलेल्या गटाबाबत मात्र गझाली कठोर आहेत, आणि तिथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. नजरानचे लोक अगदी जवळून ऐकून गेले होते. शेजारी राहून, ऐकून, समजून घेऊनही जो आपल्याच दिशेला तोंड करून उभा राहतो, त्याला 'क्षमा केलीस तर' या शब्दांबाहेर काढायचा अधिकार ११८व्या आयतीने ईसांनाही ठेवलेला नाही. मग तो भाष्यकाराकडे कुठून येणार, आणि त्या दिवशी आयती वाचून भांडणाऱ्यांकडे तरी कुठून?